एकेरी पलंग

"गिऱ्हाईक चांगलंच उंच दिसतंय," पलंगाच्या बाजूची फळी वितीने मोजत बायको म्हणाली.

मिस्त्रीने रंधा थांबवला नाही. "असतात काही लोक उंच."

"असतात ना. आपल्या गल्लीत तर एकच आहे."

आता मात्र रंधा थांबला. मिस्त्रीला सगळे 'शिडी' म्हणत. कपाटाच्या वरच्या बिजागऱ्या बसवायला त्याला कधी स्टूल लागलं नाही. जन्मभर त्याने लोकांना मापाचे पलंग करून दिले आणि घरी स्वतः मात्र जुन्या जोडपलंगावर पाय बाहेर काढून झोपला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हा एकेरी पलंग ऑर्डरचा आहे असं त्याने बायकोला सांगितलं होतं, पण लाकूड कापताना हाताने आपोआप स्वतःच्याच मालकाचं माप घेतलं. कारागीर पक्का, पण खोटं बोलण्यात अगदीच कच्चा. त्यात कारखान्यातलं पॉलिशचं काम बायकोचं, आणि सकाळी हा म्हणाला होता, "याला पॉलिश मीच करतो." तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"कुठे टाकणार होता हा?" तिने विचारलं.

"बाहेरच्या खोलीत. मला रात्री सारखं उठावं लागतं. तुझी झोपमोड होते."

"माझी? कानाशी ढोल वाजवले तरी ही उठत नाही, असं चारचौघांत सांगता की तुम्हीच!"

मिस्त्री रंध्यात अडकलेला भुसा काढू लागला.

गेल्या वर्षी त्याचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. कॅन्सर गेला. रिपोर्ट चांगले आले, मेव्हणा पेढे घेऊन आला, "वाचलात दाजी" म्हणाला. आणि खरंच, वाचला होता तो. सुरुवातीला नकळत कपडे ओले व्हायचे, तेही थांबलं. रंधा पूर्वीसारखाच चालू लागला. एक गोष्ट तेवढी परत आली नाही, आणि त्याबद्दल कुणी विचारलंही नाही. एकदा त्याने प्रयत्न केला. शरीराने ऐकलं नाही. "दमलोय," असं म्हणून तो भिंतीकडे वळला, तो वळलेलाच राहिला. बायकोने अंगावर हात टाकला की तो हात हळूच उचलून बाजूला ठेवायचा, दुसऱ्याचं हत्यार जपून ठेवावं तसा.

"मला लाज वाटते," तो फळीकडे बघत म्हणाला. "तुला हात लावला की तुला वाटणार, आता पुढे काही होईल. आणि व्हायचं नाही काहीच. त्यापेक्षा लांब बरं."

बायको पलंगाच्या सांगाड्यावर बसली. सांगाडा जराही कुरकुरला नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि अशा वेळीही बरं वाटलं.

"मलाही आठवण येते त्याची," ती म्हणाली. "नाही म्हटलं तर खोटं होईल. पण गेलं एक, आणि तुम्ही बाकीचंही सगळं काढून घेतलंत. एक फळी किडली म्हणून कुणी अख्खं कपाट चुलीत घालतं का? मी विचारलंय दवाखान्यातल्या नर्सबाईंना. दोघांनी या म्हणाल्या."

"हे... नर्सला विचारलंस?"

"मग काय दूधवाल्याला विचारू?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून विचारलं, "बाकी काही त्रास?"

"काही नाही," मिस्त्रीच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

बायको खोकली. तिला खोकला नव्हता.

मिस्त्रीने एकवार खोलीच्या दाराकडे पाहिलं. चौकट तिरकी बसवली होती कुणीतरी. मग तो म्हणाला, "आहे त्रास. ऑपरेशनपासून मला बायकोजवळ जाता येत नाही."

खोली कोसळली नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. ऑपरेशनमध्ये नसा दुखावतात, त्या सावरायला दोन-दोन वर्षं लागतात, म्हणाल्या. गोळ्या आहेत, इंजेक्शन आहे, हवा ओढून तिथे रक्त आणणारा पंप आहे. "पूर्वीसारखंच होईल असं वचन मी देत नाही. पण करण्यासारखं बरंच आहे. आणि तोवर एकमेकांपासून लांब राहू नका. जवळ झोपायला औषध लागत नाही." सोनारानेच कान टोचावे लागतात, तसं झालं.

नर्सबाईंनी पंप दाखवला. मिस्त्रीने तो उलटसुलट करून पाहिला, झडप दाबून बघितली. "घडण बरी आहे," तो म्हणाला. बायकोला हसू आवरेना, ती खिडकीबाहेर बघत राहिली.

रविवारी त्याने एकेरी पलंग मोडला. त्याच्या लांब फळ्या घरातल्या जुन्या जोडपलंगाला लावल्या आणि पायथ्याशी दोन नवे पाय दिले. पॉलिश अर्थातच बायकोने केलं. जुनं लाकूड काळपट, नवं उजळ. किती केलं तरी रंग जुळला नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "दिसला सांधा तर दिसू दे."

पॉलिश वाळल्यावर एका दुपारी, दाराला कडी लावून, दोघं आडवी झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मिस्त्रीच्या टाचा गादीवर टेकल्या. भिंतीकडे वळायची सवय होती, म्हणून तो वळायला निघाला.

"पाय आले आत," बायको म्हणाली. "आता हात."

तो उताणा झाला आणि त्याने हात पसरला. तिने त्यावर डोकं ठेवलं. थोड्या वेळाने त्या हाताला मुंग्या आल्या. त्याने तो काढला नाही.