कोणी काही दिलंय का?

लेहच्या विमानतळावर मला पाठीमागे ‘कुलूप’ म्हणतात. उड्डाणाला पाऊण तास उरला की माझा काउंटर बंद. मग समोर कोणी रडत उभा असो की ओरडत, मी बंदची पाटी ठेवतो आणि पाणी प्यायला जातो. अकरा वर्षांत यात एकदाही फरक पडलेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता.

बोर्डिंग पास छापण्याआधी आम्हाला एक प्रश्न विचारावा लागतो. बॅग स्वतः भरली का, आणि कोणी काही न्यायला दिलंय का? सगळे ‘नाही’ म्हणतात, आणि सगळ्यांच्या बॅगा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पुड्यांनी टम्म फुगलेल्या असतात. हिवाळ्यात लेहला येणारे दोन्ही रस्ते बर्फाखाली जातात. दिल्ली-चंदीगडला असलेल्या पोरांना सत्तू आणि जर्दाळू पोचवायचे तर जो विमानाने निघालाय त्याच्याच गळ्यात घालावे लागतात. हे मला ठाऊक असतं, पलीकडे उभ्या असलेल्या हवालदार सुखबीरलाही ठाऊक असतं. ‘नाही’ ऐकायचं, पास छापायचा, पुढच्याला बोलवायचं.

त्या मार्चमध्ये सव्वानऊच्या दिल्लीच्या विमानाला शेवटची एक आबी, म्हणजे आजीबाई, आली. यांगडोल, शे गावची, सत्तरीच्या पुढची. काउंटर बंद व्हायला पंचवीस मिनिटं होती. मी तिचं ओळखपत्र बघत नेहमीचा प्रश्न टाकला.

“हो,” ती म्हणाली.

“काय हो?”

“दिलंय की. आठ जणांनी.”

मी मान वर केली. “आबी-ले, इथे नाही म्हणायचं असतं.”

“मग विचारतोस कशाला?”

मागे सुखबीर हसला. तो हरयाणाचा, पण चार हिवाळे इथे काढल्याने आमची बोली त्याला बरीच कळू लागली होती.

“पूर्ण महिना खोटं बोलणार नाही असं व्रत घेतलंय लामांपुढे,” आबीने सांगितलं. “आज एकोणिसावा दिवस. एवढ्या एका पासासाठी मोडू होय?”

“मग बॅग उघडावी लागेल. एकेक वस्तू हवालदारांना दाखवायची. तेवढ्यात काउंटर बंद झाला तर मी काही करू शकणार नाही.”

“उद्या सकाळी लेकीचं ऑपरेशन आहे. बाळ आडवं आहे, पोट उघडून काढणार. तिला सासू नाही, मीच आहे.” हे ती अगदी शांतपणे बोलली. पुढचे चार दिवस बर्फ सांगितलं होतं आणि त्यानंतरच्या आठवड्यातली सगळी विमानं भरलेली होती. आजचं चुकलं की तिची लेक एकटीच ऑपरेशनला जाणार, हे मला तिच्यापेक्षा जास्त पक्कं माहीत होतं.

“तूच का रे तो कुलूप?” तिने विचारलं.

मी बॅगेची दोरी सोडायला घेतली.

जमिनीवर चादर पसरून आम्ही दुकान मांडलं. सत्तूच्या तीन पिशव्या निघाल्या. आबी प्रत्येकीचा मालक सांगायची, सुखबीर हात घालून बघायचा. “ही आंगमोची, तिच्या नातवाला. हे सुक्या पनीरचे छुरपे दोरजेच्या बायकोचे. जपून रे, दगडासारखे असतात, दात पडेल.”

“मी खात नाहीये, आबी. तपासतोय,” सुखबीर म्हणाला, आणि एक तुकडा तोंडात टाकला.

लोकरीची टोपी, मठातला धागा, जर्दाळूची बी, लोण्याचा डबा. सात जणांचं झालं. घड्याळात अकरा मिनिटं उरली होती. तळाशी आठवं पुडकं होतं, जाड लोकरी कापडात चारी बाजूंनी शिवलेलं.

“हे उघडायचं नाही,” आबी म्हणाली.

“म्हणजे?”

“जिने दिलं तिला शब्द दिलाय, मी उघडणार नाही म्हणून.”

“मग हे इथेच ठेवा.”

“पोचवीन असाही शब्द दिलाय.”

“निदान कोणी दिलं ते तरी सांगा.”

“नाव सांगणार नाही असाही दिलाय.”

“अहो, खोटं बोलायचं नाही ना तुम्हाला?”

“खोटं बोलणं वेगळं, न सांगणं वेगळं,” तिने मला समजावलं. संताप माझ्या डोक्यात गेला. एवढी शब्दांची पक्की बाई, विमान चुकेल आणि लेक तिकडे एकटी पडेल, तरी हिचे शब्द संपायचे नाहीत. मी पुडकं उचललं, बाजूला ठेवायला म्हणून, आणि ते हातातच राहिलं.

कापड तपकिरी होतं. कोपऱ्यात बोटाएवढं जळलेलं भोक आणि त्याला आतून काळ्या लोकरीचं ठिगळ. ते भोक मी पाडलेलं आहे. नऊ वर्षांचा असताना, चुलीतला निखारा उडवून, माझ्या बापाच्या गोंच्याच्या बाहीवर. ठिगळ आईने लावलं होतं. बाप गेल्यावर तो लांब कोट तिने पेटीत ठेवला, असं मला वाटत होतं.

“हे माझ्या आईचं आहे,” मी म्हणालो.

आबी माझ्याकडे बघत राहिली. ‘हो’ म्हणाली नाही, ‘नाही’ही म्हणाली नाही.

दिल्लीत आईने काही पाठवावं असं एकच माणूस आहे, माझा धाकटा भाऊ गुरमेत. सहा वर्षांपूर्वी जानेवारीत बाप गेला. गुरमेतकडे दुसऱ्या दिवशीचं तिकीट होतं आणि तो दिल्लीच्या काउंटरवर चार मिनिटं उशिरा पोचला. त्यानंतर तीन दिवस इथे बर्फ. बापाला आम्ही त्याच्याशिवाय अग्नी दिला. फोनवर तो म्हणाला, रस्त्यात अपघात झाला होता, गाड्या अडकल्या होत्या, काउंटरवरच्या माणसाने ऐकलंच नाही. मी म्हणालो, काउंटरवर मी बसतो, चार मिनिटांच्या गोष्टी मला सांगू नकोस. ते आमचं शेवटचं बोलणं. आईला मी बजावलं होतं की या घरातून त्याला काही जाणार नाही.

“किती वेळा पाठवलं तिने?” मी विचारलं.

“आता ओळखलंस तर सांगते. दर हिवाळ्यात पाच-सहा पुडकी तरी जातात म्हणाली. मला सांगत होती, काउंटरवर मुलगाच असतो, विचारलं की नाही म्हणायचं. मी म्हटलं, बाई, तेवढं सोडून काहीही सांग.”

सहा हिवाळे. म्हणजे तीस-पस्तीस माणसं माझ्यासमोर उभी राहिली, माझ्या डोळ्यांत बघून ‘नाही’ म्हणाली, आणि मी त्यांच्या बॅगांवर पट्ट्या लावून माझ्या हातांनी त्या पुढे ढकलल्या. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी फार लाज वाटली. म्हातारी आई रस्त्यावर उभी राहून परक्यांच्या हातापाया पडत होती, ती माझ्यामुळे.

“सात मिनिटं,” सुखबीर हळूच म्हणाला.

“आबी-ले, तुम्ही उघडणार नाही असा शब्द दिलाय ना? मी उघडतो. मी तिचा मुलगा आहे.”

तिने जरा विचार केला. “तू उघड. त्याबद्दल काही बोलणं झालं नव्हतं.”

सुखबीरने ब्लेड दिलं. आत जर्दाळू होते, राखाडी मोजे होते, आणि फडक्यात बांधलेल्या सहा खंबीर, आमच्याकडच्या जाड रोट्या. आदल्या संध्याकाळी आईने मला दोनच खंबीर वाढल्या होत्या. पीठ संपलं, म्हणाली होती. मोज्यांची लोकर ओळखीची होती, कारण तशाच मोज्यांत माझे पाय होते.

सुखबीरने मोजे उलटे करून पाहिले, एक खंबीर मोडून पाहिली आणि मान हलवली. आबीने कमरेची सुई काढली. “असं उघडं मी नेणार नाही. जसं घेतलं तसं द्यायचं.” आणि ती खाली बसून शिवू लागली. तिला घाई करायला सांगण्याची माझी छाती झाली नाही. बाकीचं सगळं मी आणि सुखबीरने बॅगेत कोंबलं.

वायरलेसवर धावपट्टीवरून विचारणा झाली, “मोटुप, बंद केलास ना?”

“नाही,” मी म्हणालो. “एक आबी आहेत.”

पलीकडून विचारलं, “तब्येत बरी आहे ना तुझी?”

दोरी बांधून बॅग पट्ट्यावर ठेवली तेव्हा काउंटर बंद व्हायची वेळ टळून सहा मिनिटं झाली होती. प्रश्न मात्र पुन्हा विचारावा लागतो. मी विचारला.

“हो,” आबी म्हणाली. “आठ जणांनी. सगळं या हवालदाराने पाहिलंय, त्यातलं थोडं खाल्लंय.”

मी पास छापून तिच्या हातात दिला. ती निघाली आणि दोन पावलांवर थांबली. “तो न्यायला येणार आहे पुडकं. काही सांगू त्याला?”

सहा वर्षांत त्याच्याशी बोलायची सवयच गेली होती. “सांगा, मोटुपने आज काउंटर सहा मिनिटं जास्त उघडा ठेवला.”

“एवढंच?”

“त्याला कळेल.”

ती ते वाक्य पुटपुटत सुरक्षा तपासणीकडे गेली. मी पाटी ठेवली आणि पाणी प्यायला गेलो.

संध्याकाळी घरी आईने ताट वाढलं. माझ्याकडे न बघता दोन खंबीर ठेवल्या, थांबली, आणि तिसरी ठेवली. तिला दुपारीच कोणीतरी कळवलं असणार. लेहमध्ये बातमीला विमान लागत नाही.

मग तिचा फोन वाजला. रोज या वेळी तो वाजतो, आणि रोज ती ‘गाय बघून येते’ म्हणून गोठ्यात जाते. मला वाटायचं गाय आजारी आहे. आज ती उठली नाही. चुलीजवळच बसून “हं, हं, पोचलं ना” करत राहिली. मग फोनवर हात ठेवून मला म्हणाली, “बोलतोस?”

“तोंडात घास आहे,” मी म्हणालो. “थांबायला सांग.”

तो थांबला.