आईच्या वजनाच्या स्प्रिंगा

आईने अट घातली होती: बाबांचं स्नोमोबिल तिच्या कंबरेला मानवलं तर ठेवायचं, नाहीतर शेजारच्या एलियल काकांना विकायचं. मला ते घरातच हवं होतं. तळ्यावरच्या आमच्या खोपटात मासे धरायला आई जन्मभर बाबांच्या मागे बसून जात आली. आता बाबा गेल्यावर पहिल्यांदाच पुढे बसणार होती.

पहिल्या फेरीत, खाडीच्या बर्फावर, प्रत्येक उंचवट्याला मागचं सस्पेन्शन तळाला आपटलं. आई कंबर धरून उतरली.

शेडमध्ये आणून पाहिलं, तर स्प्रिंगचा ताण सगळ्यात सैल खाचेवर होता. गेल्या हिवाळ्यात आजारपणात बाबा फार हलके झाले, तेव्हा मीच तो तिथे आणला होता. पाना लावण्याआधी मी ती खाच अंगठ्याने पुसली. मग ताण शेवटच्या खाचेपर्यंत फिरवला.

आई बसली. मागची बाजू तरीही जवळजवळ टेकलीच.

"जाड स्प्रिंगा मागवायला हव्यात," मी म्हटलं. "तुझं वजन किती?"

"दीडशे पौंड."

एलियल काका दारात चहा पीत उभे होते. "सेलिना, एक पाय घरी ठेवून आलीस काय?"

"तुम्ही बोलूच नका. मशीनवर डोळा आहे तुमचा."

"आहे ना. म्हणून तर म्हणतो, मोडू नकोस."

शेवटी शिकारीचं मांस तोलायचा काटा आढ्याला टांगला. बूट, हेल्मेट, जाड कोट घालून आई त्याच्या दोराला लटकली.

"काका, भिंतीकडे तोंड करा," ती म्हणाली. "आणि पोरी, आकडा मनात वाच."

तो मी फक्त दुकानाला कळवला.

स्प्रिंगा विमानाने आल्या त्याच दुपारी बसवल्या. हँडल जरा जड लागू लागलं, म्हणून पुढचा भार कमी करायला सस्पेन्शनमधला पट्टा एक भोक सैल सोडला. आता आई बसली की मागची बाजू जेमतेम दबत होती. मला हसू आवरेना.

"खाडीच्या टोकापर्यंत जा आणि वळ," मी बजावलं.

टोकापाशी वाऱ्याने बर्फाच्या टणक लाटा रचल्या होत्या. मी कान लावून उभी राहिले. मशीन पहिल्या लाटेवर चढलं, उतरलं, दुसरीवर चढलं. आपटल्याचा आवाज नाही. आई उभी राहिली, मग बसली, आणि तिने वेग वाढवला. टोक मागे पडलं. ती वळली नाही.

"तळ्यावर निघाली ही," काका म्हणाले. चहा तिथेच ओतून त्यांनी आपलं मशीन सुरू केलं. "बस मागे. तळ्याचा बर्फ फोडायची पहार घे, सेलिना विसरलीय."

हेल्मेटच्या आत मी ओरडत होते, काय ते मलाही कळत नव्हतं. काकांनी सगळा जोर लावला. आम्हाला ती गाठता आली नाही.