साडेसात मात्रांची ओवी

चारुलताबाईंनी जळगावच्या कॉलेजात तीस वर्षं संगीताचा इतिहास शिकवला, पण नाव कमावलं ते एका मेलेल्या मास्तराची चूक काढून. धुळ्याकडच्या या चुडामण मास्तरांनी १८८४ साली बायकांच्या जात्यावरच्या ओव्या स्वरलिपीत उतरवल्या. गाणं शिस्तीत आलं की समाजही येईल, असा त्या काळच्या शिकलेल्यांचा ध्यास. पण मास्तरांची प्रत्येक ओळ साडेसात मात्रांची. बाईंनी एका गाणारणीला विभागात खुर्चीवर बसवलं, शेजारी तबला ठेवला आणि मोजलं. आठ भरल्या. मास्तरांना ताल कळत नव्हता असा शेरा मारून त्यांनी सगळ्या ओव्या आठात कोंबल्या. डॉक्टरेट मिळाली, पुस्तक निघालं. आता निवृत्तीपूर्वी, सोमवारी, त्याची दुसरी आवृत्ती छपाईला जायची होती.

शनिवारी बाई धुळ्याजवळच्या एका खेड्यात हळदीला गेल्या. घरोघरी मिक्सर आले तरी लग्नाची हळद तिथे जात्यावरच दळतात. म्हाताऱ्या ताईबाई आणि त्यांची जाऊ समोरासमोर बसून आळीपाळीने ओवीची एकेक ओळ म्हणत होत्या. बाई सवयीने मांडीवर बोटं मोजू लागल्या आणि चार ओळींतच मागे पडल्या. एवढी घाई का करता, असं त्यांनी विचारलं.

"बशीसन काय मोजस माय?" ताईबाई म्हणाल्या. "खुट्याले हात लाव, बठ्ठं समजी जाई."

जाऊ उठली; सगळं समजून घ्यायला बाई तिच्या जागी बसल्या आणि खुंटा धरला. दगड फिरू लागला. ताईबाईंचा दम संपत आला, खुंटा बाईंच्या बाजूला आला, आणि ओळ पुरी व्हायच्या अर्धी मात्रा आधीच बाईंचं तोंड उघडलं. जातं थांबू नये म्हणून हातानेच गाणं उचललं होतं. एकट्या गाणारणीला खुर्चीवर बसवून हे कसं दिसणार?

मास्तरांच्या साडेसात मात्रा बरोबर होत्या. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. ही अर्धी मात्रा नुसत्या ऐकण्याने सापडत नाही. म्हणजे एकशे चाळीस वर्षांपूर्वी, गाव हसत असताना, तो पागोटेवाला मास्तर बायकांसमोर मांडी घालून दळायला बसला होता. एवढ्या मोठ्या माणसाला आपण अडाणी ठरवलं, या विचाराने त्यांना रडू फुटलं.

तिथूनच त्यांनी प्रकाशकाला फोन करून छपाई थांबवली. निवृत्तीआधी पुस्तक येणार नाही, त्याने बजावलं. मग विचारलं, दुरुस्तीला किती दिवस लागतील?

"एकशे बारा ओव्या आहेत," बाई म्हणाल्या. "एकेक दळून बघायची आहे."