आजार घेणारा मासा

रविवारी सकाळी नऊ वाजताच तळ्याकाठी पाय ठेवायला जागा उरली नव्हती. एरवी डोंगरावर इतक्या उंच यायचे ते गळ टाकून दिवसभर तोंड न उघडणारे, नाहीतर पाठीला सॅक लावून पाइनच्या जंगलातून तळ्याला फेरी मारणारे. आता खुर्चीसकट उचलून आणलेली म्हातारी माणसं होती, एक्स-रेची पाकिटं छातीशी धरलेल्या बायका होत्या, आणि ज्या लाकडी धक्क्यावरून लोक गळ टाकायचे, त्यावर पांढरा पायघोळ झगा घालून तळेबाबा बसले होते. त्यांच्यासमोर रुंद तोंडाचं मातीचं भांडं, त्यात वीतभर लांबीचा जिवंत ट्राउट मासा.

"रोग ओला असतो," बाबा सांगत होते. "ओल्या जागेतून ओल्या जागेत जातो. औषधं असतात कोरडी. कोरडं ओल्याला कसं धरणार?"

गर्दीनं माना डोलावल्या.

बाबांनी बाटलीतलं थोडं तीर्थ भांड्यात ओतलं. गोडसर, उग्र वास पसरला. "हा तळ्याचा श्वास," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला हात बुडवायची खूण केली.

पुढचा माणूस म्हणजे शहरातून तळ्यापर्यंत बस आणणारा ड्रायव्हर. बारा वर्षांचा मधुमेह, रोज दोन वेळा इन्शुलिनचं इंजेक्शन. त्यानं बाह्या सरसावून हात पाण्यात घातले. मासा आधी सैरावैरा फिरला, मग डुलायला लागला, कलंडला, आणि दोन-तीन मिनिटांत पोट वर करून तरंगला. बाबांनी मासा ओंजळीत घेतला, तळ्याच्या पाण्यात धरून हळूहळू हलवला. थोड्या वेळानं त्यानं शेपूट मारली आणि सुळकन खोल पाण्यात निघून गेला.

"माशानं रोग घेतला, तळ्यानं पचवला," बाबा म्हणाले. "जा. सुया फेकून दे."

हे सगळं चार हातांवरून मासेमामा बघत होता, आणि त्याला त्या वासाचं नाव माहीत होतं.

मासेमामा म्हणजे तळ्याकाठच्या मत्स्यबीज केंद्राचा रखवालदार. केंद्रात अंडी उबवायची, पिल्लं बोटाएवढी झाली की तळ्यात सोडायची, हे काम तो सव्वीस वर्षं करत होता. अंडी काढायची तर मासा हातात शांत राहायला हवा. त्यासाठी टाकीत लवंगेच्या तेलाचे काही थेंब घालायचे. मासा गुंगतो, उलटा होतो. ताज्या पाण्यात सोडला की काही मिनिटांत शुद्धीवर येतो. जगभरातली मासेवाली माणसं हे करतात. यात चमत्कार काही नाही.

दोन वर्षांपूर्वी एक माणूस आठवडाभर तंबू ठोकून मासेमारीला आला होता. गळाला एक मासा लागला नाही, पण गप्पा फार गोड. मामानं त्याला केंद्र दाखवलं, आणि जरा मिरवायचं म्हणून मासा झोपवून उठवूनही दाखवला. त्या माणसानं ते पुन्हा एकदा करायला लावलं. किती थेंब, किती वेळ, सगळं नीट विचारून घेतलं. मामाला बरं वाटलं होतं. इतक्या आस्थेनं त्याच्या कामाबद्दल घरच्यांनीसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

या उन्हाळ्यात तोच माणूस झगा घालून परतला. पहिल्याच दिवशी गर्दीत मामा दिसताच तो उठला, सगळ्यांसमोर वाकला आणि म्हणाला, "या तळ्याचे खरे सेवक हे. यांच्या हातच्या माशांतच ही शक्ती आहे."

तिथेच मामा अडकला. दुसऱ्या दिवसापासून लोक त्यालाही हात जोडायला लागले. बाबांनी रोज दहा मासे मागितले, मामानं दिले. मासे जिवंत तळ्यातच जातात, कुणाचं काय बिघडतं, असं तो स्वतःला सांगत राहिला.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर ड्रायव्हर त्याला शोधत आला. वीस वर्षं सुट्टीच्या दिवशी दोघं शेजारी शेजारी बसून गळ टाकत होते. ड्रायव्हरचा चेहरा उजळला होता.

"चल, तळ्याला फेरी मारू. नऊ किलोमीटर. गेल्या पाच वर्षांत जमलं नव्हतं मला."

"नव्या बुटात?"

"नवं आयुष्य, नवे बूट." तो हसला. "इंजेक्शनं बंद केली आजपासून. बायको कुरकुरतेय. तू सांग तिला, तुझेच मासे आहेत."

मामा चालता चालता थांबला. आत्ता बोलायला हवं, हे त्याला स्पष्ट कळत होतं. पण बोलायचं तर सगळंच बोलावं लागणार होतं: थेंब, टाकी, रोजचे दहा मासे. समोरून येणाऱ्या दोन बायकांनी त्याला वाकून नमस्कार केला.

"डॉक्टरला विचार एकदा," तो म्हणाला.

तेवढंच म्हणाला.

फेरीत ड्रायव्हरच्या उजव्या टाचेला फोड आला. मधुमेहानं पाय बधिर झालेले, त्याला कळलंही नाही. फोड चिघळला, साखर चढत गेली. तिसऱ्या आठवड्यात तो स्टिअरिंगवरच ग्लानीत गेला. नशीब, बस थांब्यावर उभी होती. मामा शहरातल्या इस्पितळात पोचला तेव्हा पाय घोट्याच्या वरून कापलेला होता.

डॉक्टरीणबाई व्हरांड्यात ड्रायव्हरच्या बायकोला विचारत होत्या. "इंजेक्शन का थांबवलं?"

बायकोनं माशाची हकीकत सांगितली. डॉक्टरीणबाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली, हसल्या नाहीत. "मासा खरंच उलटा झाला?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिला."

"मग पाण्यात काहीतरी असणार. काय ते मला माहीत नाही. कुणाला तरी माहीत असेल."

मामा भिंतीला टेकून उभा होता. तो निघून गेला असता तरी कुणी अडवलं नसतं.

"लवंगेचं तेल," तो म्हणाला. "मीच शिकवलं त्याला."

मग त्यानं सगळं सांगितलं, थांबत थांबत, जमिनीकडे बघत. ड्रायव्हरची बायको ऐकत राहिली. तिच्या हातात नवऱ्याचा उजव्या पायाचा बूट होता. तो तिला कुणीतरी पिशवीत घालून दिला होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही तर तिथंच उभे होता."

मामा आत गेला. ड्रायव्हर जागा होता, दार उघडंच होतं, त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं मामाकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. नर्सनं मामाला बाहेर जायला सांगितलं.

पुढच्या रविवारी तळ्यावर तीच गर्दी होती. मामा केंद्रातली काचेची टाकी हातगाडीवर ठेवून घेऊन आला. बरोबर डॉक्टरीणबाई. लोकांनी नमस्कार करून वाट दिली. मामाला ते नमस्कार अंगाला टोचले.

त्यानं टाकीत तळ्याचं पाणी भरलं, मासा सोडला आणि खिशातून बाटली काढली. "हे लवंगेचं तेल. दात दुखला की लावता तेच. वास घ्या." बाटली हातोहात फिरली. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं वास घेतला आणि भुवया उंचावून बाबांकडे पाहिलं.

मामानं तेल पाण्यात मिसळलं. "आता कुणीही हात घालायचा नाही."

माणसं वाकून बघत राहिली. मासा डुलला, कलंडला, पोट वर करून तरंगला.

"मग याच्यात कुणाचा आजार गेला?" मागून एका गळवाल्यानं विचारलं. काही लोक हसले.

"मत्सर," एक आजोबा गुरगुरले. "तुझ्या हातात शक्ती नाही म्हणून जळतोस."

"माझ्या हातात नाहीच, आजोबा. बाटलीत आहे." मामानं मासा तळ्याच्या पाण्यात धरून शुद्धीवर आणला आणि सोडून दिला. "हे मीच यांना शिकवलं. रोजचे दहा मासेही मीच पुरवले. तुम्हाला मामा बनवण्यात मीही सामील होतो. परवा माझ्या दोस्ताचा पाय कापला."

बाबा डोळे मिटून बसले होते. "श्रद्धेची परीक्षा घेऊ नये," ते म्हणाले.

"पाण्याची घेऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भांडं आम्ही धुतो, पाणी आम्ही भरतो. रोगी तुम्ही निवडा. तीर्थ मात्र नको."

"आज तळ्याचं मौन आहे," बाबांनी जाहीर केलं आणि ते तंबूत गेले.

तळ्याचं मौन असलं तरी डॉक्टरीणबाईंचं नव्हतं. त्यांनी त्याच दुपारी पोलिसांत लेखी तक्रार दिली, मामानं खाली सही केली. तंबू गुंडाळून निघालेले बाबा पोलिसांना बस थांब्यावरच सापडले. गर्दीतले काही लोक तरीही मामाला शिव्या देत उतरले. त्यांनी औषधं पुन्हा सुरू केली की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही, आणि ते त्याला खात राहिलं.

तेव्हापासून दर रविवारी मामा केंद्रात फिरायला येणाऱ्यांना मासा झोपवून दाखवतो. पण आता आधी बाटली दाखवतो, मग मासा. शेवटी विचारतो, "काही शंका?" बहुतेक वेळा कुणाला नसते.

पावसाळा संपल्यावरच्या एका रविवारी त्यानं असंच विचारलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला. "मला आहे."

ड्रायव्हर होता. नवा कृत्रिम पाय, हातात काठी, शेजारी बायको. इतक्या महिन्यांत तो मामाशी अवाक्षर बोलला नव्हता.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," तो म्हणाला. "मग तू बोलला का नाहीस?"

वीस-पंचवीस अनोळखी माणसं मामाकडे बघत होती. घाबरलो होतो, म्हणता आलं असतं. नोकरीचं काहीतरी सांगता आलं असतं.

"लोक नमस्कार करत होते," मामा म्हणाला. "मला ते आवडत होतं."

ड्रायव्हरनं मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, मामानंही ते मागितलं नाही. मामा लोकांकडे वळला.

"प्रश्न विचारायचा तर असा विचारा. बाबाला विचारा, डॉक्टरला विचारा, मला विचारा. पाण्यात काय घातलं, हात न घालता होईल का, तुम्हाला माहीत होतं का. उत्तर मिळेपर्यंत औषधाची एक गोळीही थांबवू नका. आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे, त्यानं त्याच दिवशी बोलावं. तीन आठवड्यांनी नाही."