काडीपैलवानाचे तीन स्वेटर

पोलवोन हे नाव मूळचं आजोबांचं. पोलवोन म्हणजे पैलवान, आणि आजोबा कुस्ती मारून बोकड घरी आणणारे गडी, तेव्हा त्यांना ते शोभलं. नातवाला वारशात नाव तेवढं मिळालं. सोळाव्या वर्षी त्याची उंची बापाच्या डोक्यावरून पुढे गेली होती. रुंदी मात्र चौथीत जिथे होती तिथेच बसून राहिली होती. मर्गिलान शहरातल्या त्या मोहल्ल्यात त्याला सगळे काडीपैलवान म्हणत. वारा सुटला की तो उडून जाऊ नये म्हणून वर्गातली पोरं त्याच्या खिशात दगड टाकत.

घरचे इलाज चालूच होते. त्याची ओयी, म्हणजे आई, त्याला मेंढीच्या शेपटीची चरबी, अक्रोड आणि भिजवलेले मनुके चारून दमली. जंतांचं औषध झालं. दृष्ट लागली असेल म्हणून धुरी झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं की मुलगा ठणठणीत आहे, काही मुलं आधी वाढतात आणि मग भरतात. ओयीला ते पटलं नाही. ठणठणीत मुलगा असा दिसतो यावर तिचा विश्वास नव्हता, आणि खरं म्हणजे पोलवोनचाही नव्हता.

त्यानं आपला इलाज आपणच शोधला होता. शर्टाच्या आत स्वेटर. थंडीत एक घातला तेव्हा कुणाला कळलं नाही. वसंतात दुसरा चढला, जूनमध्ये तिसरा. आता सप्टेंबर आला होता, अंगणातली द्राक्षं उन्हानं फुटत होती, आणि पोलवोन तीन स्वेटरांत घामाघूम होऊन फिरत होता. आरशात मात्र खांदे दिसत होते.

अडचण बहिणीच्या लग्नानं आणली. लग्नाच्या दिवशी पहाटे मोहल्ल्यातल्या पुरुषांना पुलाव असतो, आणि मुलीचा भाऊ बापाशेजारी फाटकात उभा राहतो. अंगात चापन म्हणजे लांब अंगरखा, डोक्याला टोपी, कमरेला भरतकामाचा रुमाल. छातीवर हात ठेवून येईल त्याला आत घ्यायचं. तो रुमाल बहिणीनं, सदोकतनं, स्वतः भरला होता. स्वेटर काढून बांधून बघितला तर पोलवोनच्या कमरेभोवती त्याचे दोन वेढे झाले आणि टोकं गुडघ्याशी लोंबू लागली. स्वेटरांवरून बांधला तर तो मधोमध करकचून बांधलेल्या उशीसारखा दिसला. त्यानं रुमाल सोडून बहिणीच्या हातात दिला आणि फाटकात चुलतभावाला उभं करा, असं सांगितलं.

सदोकत चिडली नाही, हेच वाईट झालं. तिनं रुमालाची घडी घातली.

"हा मी तुझ्या कमरेसाठी भरलाय, ती जशी आहे तशी. उद्या फाटकात तू नसलास तर मी समजेन, मला भाऊ नव्हताच."

त्याच दिवशी दिवेलागणीला अंगणात पुलावाची गाजरं चिरायची बैठक बसली. लांब चादरीवर पिवळ्या गाजरांचा ढीग, दोन्ही बाजूंना सुऱ्या घेऊन बसलेली मंडळी. गाजरं हे निमित्त. लोक येतात ते अस्कियासाठी. अस्किया म्हणजे एकानं दुसऱ्याला शब्दांत चिमटा काढायचा आणि दुसऱ्यानं तिथल्या तिथे परत करायचा. जो रागावला किंवा उठून गेला, तो हरला. आणि त्यातला एक प्रकार असा की पहिला म्हणतो, "दिसलास मला." दुसऱ्यानं "कशासारखा?" विचारलं की तो आखाड्यात उतरला. विचारलं नाही तर गोष्ट तिथेच संपते. म्हणून शहाणी माणसं नुसती हसून गाजर चिरत राहतात.

मोहल्ल्यात या खेळातले उस्ताद म्हणजे टायरवाले ममासोली-आका; आका म्हणजे दादा. त्यांचं पोट आधी बसायचं, मग ते. ते पोलवोनच्या समोरच बसले होते. शेजारी शेगडीवर किटली होती, आणि पोलवोनच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम गाजरांवर टपकत होता. कुणीतरी पुलावात मीठ आत्तापासूनच पडतंय का, असं विचारून गेलं. पोलवोनच्या डोक्यात दिवसभर रुमाल होता. त्याला ऐकूही नीट येत नव्हतं.

ममासोली-आकांनी त्याच्या गळ्याशी एकाखाली एक डोकावणाऱ्या लोकरीच्या कडा बघितल्या आणि सुरी खाली ठेवली.

"पोलवोन, दिसलास मला."

"कशासारखा?" पोलवोन वैतागून म्हणाला. त्याला म्हणायचं होतं की आता काय आहे तुमचं.

सगळ्या सुऱ्या थांबल्या. तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण काय बोललो. तुर्दिअलींनी, म्हणजे बापानं, डोळे मिटून घेतले. लग्नघरचा मुलगा उस्तादापुढे आखाड्यात उतरला होता, आणि आता उठला तर नाक कापलं जाणार होतं ते घराचं.

"कांद्यासारखा," ममासोली-आका म्हणाले. "सोलत जावं, सोलत जावं, आणि आत काही सापडूच नये."

हशा उठला. पोलवोनचे कान तापले. पळायचं असतं तर वाट होती, फाटक उघडंच होतं. पण त्याच फाटकात उद्या कोण उभं राहणार हा प्रश्न होता. एवढ्यात, का कोण जाणे, त्याला ओयी आठवली. ती मघाशी स्वयंपाकघरात पोतंभर कांदे चिरून डोळे पुसत बाहेर आली होती.

"सोला ना, आका," तो म्हणाला. "सोलताना रडतो तो सोलणारा. कांदा नाही रडत."

चादरीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत लोक मांड्या थोपटू लागले. ममासोली-आकांनी भुवया उंचावल्या. "नुसतं बोलतोस. सोलून दाखव."

पोलवोननं शर्ट काढला. पहिला स्वेटर काढला. कुणीतरी "एक" म्हणालं. दुसरा काढला. तिसऱ्याला त्याचा हात थांबला, कारण त्याच्या खाली तो स्वतः होता. पण गरम फार होत होतं. तिसराही निघाला, आणि बनियनवर काडीसारखे हात घेऊन तो मोहल्ल्यासमोर बसला. संध्याकाळचा वारा लागला. इतकं बरं त्याला जून महिन्यापासून वाटलं नव्हतं.

"आता मला दिसलात, आका."

"कशासारखा?"

"कढईसारखे. पुलाव खातो सगळा मोहल्ला, अंगाला लागतो तो कढईच्या."

ममासोली-आका हसता हसता मागे कलंडले. दोघांनी धरून त्यांना परत बसवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तुर्दिअलींनी डोळे उघडून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "बघा, सोलणारा रडला." ममासोली-आकांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. खेळात हरलेला बरोबरीच्या माणसापुढे असाच झुकतो. पोलवोनपुढे आजवर कुणी झुकलं नव्हतं.

मग लोक पुन्हा गाजरांकडे वळले. पोलवोन वाट बघत होता की आता कुणीतरी त्याच्या हातांकडे, बरगड्यांकडे बघेल. शेजारच्यानं बघितलं खरं, पण तो म्हणाला की जाड चिरतोयस, बारीक चीर.

हे सगळं एका संध्याकाळीत मिटलं असं नाही. पहाटे चापन घालताना पोलवोननं एक स्वेटर हातात घेतलाच, थोडा वेळ धरला, आणि मग खुंटीला लावला. सदोकत दारात आली होती. तिनं रुमालाचे दोन वेढे घातले, गाठ मारली आणि लोंबणारी टोकं नीट सारखी केली.

फाटकात तो बापाशेजारी उभा राहिला. लोक येत होते, तो छातीवर हात ठेवत होता. दोघातिघांनी रुमालाकडे बघून ओठ दाबले. ममासोली-आका आले ते अंगणातून येणारा वास घेत. त्यांच्याही कमरेला रुमाल होता, पण टोकं पोटाच्या मध्यावर येऊन थांबली होती आणि मधली फट सुतळीनं जोडली होती.

पोलवोननं वाकून सलाम केला, त्यांना आत घेतलं आणि मग हळूच म्हणाला, "आका, दिसलात मला."

"अरे, आधी पुलाव तरी खाऊ दे," ते म्हणाले. पण राहवलं नाही. "बरं, कशासारखा?"

"माझ्या उरलेल्या टोकांच्या मालकासारखे. माझा रुमाल उरतो, तुमचा पुरत नाही. आपण दोघं मिळून एक धड माणूस होतो."

ममासोली-आका मागे वळले. मग आपल्या पोटाकडे आणि त्याच्या कमरेकडे नीट बघून म्हणाले की हिशेब बरोबर आहे, पण उंची तू ठेव, पुलाव मला दे.