सदतीस लाल ठिपके

भोसरीत तात्याराव खळदकरांच्या कारखान्यात गिअर बनत, आणि बनत त्याहून जास्त नापास होत. मी, दिगंबर, तिथला तपासनीस. माझ्या हाती लाल रंगाचा डबा आणि बारीक कुंचला. तात्यारावांनी नुसती मान हलवायची, मी ठिपका द्यायचा. ठिपका पडला की माल भंगारात, मग तो कुणीही केलेला असो. एकदा तो त्यांनी स्वतः केलेला होता. तोही गेला.

त्यांची नजर अशी, की गिअरवरून मुंगी चालत गेली तर तिच्या पायांचे ओरखडे त्यांना दिसायचे. कुठल्या पायाने ती लंगडते तेही सांगायचे. गणपतीत हिराकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एकवीस मोदक केले. त्यातले नऊ यांनी बाजूला काढले, कारण कळ्या समान अंतरावर नव्हत्या. काकूंनी एकवीसच्या एकवीस गणपतीपुढे ठेवले आणि यांना महिनाभर वरणभातावर ठेवलं.

देशाची दारं उघडली आणि परदेशी मोटारी इथेच बनणार म्हटल्यावर भोसरीतले निम्मे मालक तापाने आजारी पडले. आमच्याकडे एक जपानी साहेब आला, मापाचं स्वतःचं यंत्र घेऊन. तात्यारावांनी आधी ते यंत्रच तपासलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी ठिपका दिला. साहेबाने अर्धा तास यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. मग उठून कमरेत वाकला आणि इतका वेळ वाकून राहिला, की शेवटी आम्ही दोघांनी धरून त्याला सरळ केलं. पुढची दहा वर्षं त्यांच्या मोटारींत आमचेच गिअर फिरत होते.

पैसा मुबलक आला, पण शनिवार पेठेतल्या तीन खोल्या सुटल्या नाहीत आणि स्कूटरही सुटली नाही. देणगी मागायला येणाऱ्याला तात्याराव एकच विचारत, "गरज मोजलीत का?" न मोजता आलेला माणूस चहा पिऊन परत जाई. चहाही अर्धा कपच.

दोन हजार चार साली वाघोलीच्या सोजरबाई आल्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या नर्सबाई. गावाला प्रसूतिगृह हवं म्हणाल्या. तात्यारावांनी नेहमीचा प्रश्न टाकला. बाई म्हणाल्या, मोजलीय, चला दावते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी या कोट्यधीशाला वाघोलीत टेम्पोच्या फळीवर आडवं निजवलं आणि नगर रस्त्याने शहरातल्या इस्पितळापर्यंत आणलं. मी शेजारी घड्याळ धरून. खराडीला आयटीवाल्यांच्या बसगाड्या, पुढे सिमेंटचे मिक्सर, त्याच्यापुढे पुन्हा बसगाड्या. एक तास बावन्न मिनिटं लागली. उतरले तेव्हा तात्यारावांनाच कळा येत होत्या.

"याच रस्त्याने बायका येतात?" त्यांनी विचारलं.

"येत्यात," सोजरबाई म्हणाल्या. "समद्याच पोचत न्हाईत."

तात्यारावांनी तिथेच, फुटपाथवर उभं राहून, होकार दिला. जागा वाघोलीच्याच दत्तोबा शेतकऱ्याने दिली. रस्त्याकडेचे अकरा गुंठे. त्या गुंठ्यांसाठी बिल्डर रोज सकाळी पेढे घेऊन येत. दत्तोबा पेढे खात आणि नाही म्हणत. चौदा महिन्यांत इमारत उभी राहिली. डॉक्टर दीपमालाबाई पगारावर आल्या. उद्घाटनाची पत्रिका छापली.

आणि आदल्या दिवशी तात्याराव मला म्हणाले, "डबा आण."

पहिल्या फेरीत दोनशे अकरा ठिपके पडले. पत्रिका रद्द. कंत्राटदाराने सगळं दुरुस्त केलं. दुसऱ्या फेरीत शंभर. फरशी तर तीनदा घासून घेतली. ती इतकी गुळगुळीत झाली, की एक पाल छतावरून पडली ती घसरत थेट फाटकाबाहेर गेली आणि पुन्हा आली नाही. असे चार महिने गेले. दीपमालाबाई भेटल्या की म्हणायच्या, "तात्याराव, चार महिने मी खाटा मोजायचा पगार घेते आहे. एखादी पेशंट दाखवा, नाहीतर मुलं कुठून येतात ते विसरेन."

सोजरबाईंना मात्र विनोद सुचत नव्हता. त्यांनी वाढवलेली नात अपेक्षा, खराडीच्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला, पहिल्या बाळंतपणासाठी त्यांच्याकडे आली होती. तिचे दिवस भरत आले होते. सोजरबाई रोज फाटकाशी येऊन विचारत, आज उघडणार का. तात्याराव रोज म्हणत, अजून थोडं राहिलंय.

लोक म्हणत, म्हातारा चक्रम आहे. मला कारण ठाऊक होतं. तरुणपणी एका ट्रकवाल्याच्या घाईमुळे त्यांनी एक किंचित कमी भरलेला भाग 'चालेल' म्हणून हातात दिला होता. तो ट्रक घाटात गेला आणि परत आला नाही. 'चालेल' हा शब्द त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. काकूंनी भाजीत मीठ कसं आहे विचारलं, तरी ते मान तरी हलवत किंवा गप्प बसत.

मग तो मंगळवार आला. नगर रस्त्यावर सकाळी एक कंटेनर आडवा झाला आणि दोन्ही बाजूंनी गाड्या थिजल्या. आम्ही शेवटची फेरी करत होतो. सदतीस ठिपके उरले होते. दुपारी फाटकाशी दत्तोबांचा ट्रॅक्टर थांबला. मागच्या ट्रॉलीत गादी, गादीवर अपेक्षा, तिचं डोकं सोजरबाईंच्या मांडीवर.

तात्याराव दार लावून त्यापुढे उभे राहिले. किल्ली त्यांच्या खिशात.

"माल पास झालेला नाही," ते म्हणाले.

"सायेब, रस्ता बंद हाय. पोरगी ट्रॉलीतच मोकळी व्हईल."

"आत काही कमी-जास्त झालं तर?"

"आन् भाईर झालं तर?"

तात्याराव दारातून हलले नाहीत. दीपमालाबाई मागे हातमोजे चढवत होत्या. आता ढकलाढकली होणार असं दिसल्यावर मी शबनममधून पिवळा कागद काढला. आमच्या धंद्यात त्याला डेव्हिएशन म्हणतात. मालात थोडी खोट असली आणि ग्राहकाने ती वाचून, माझ्या कामाला हे पुरेल, अशी सही केली, तर माल जातो. खोट लपवायची नाही आणि सही ग्राहकाशिवाय कुणी करायची नाही. तात्यारावांनी असा माल कधी पाठवला नव्हता, पण नियम त्यांच्याच कारखान्याचा होता.

त्यांनी कागद बराच वेळ पाहिला. "ग्राहक कोण?" त्यांनी विचारलं.

दत्तोबांनी सोजरबाईंकडे पाहिलं, सोजरबाईंनी डॉक्टरांकडे.

"मी," ट्रॉलीतून अपेक्षा म्हणाली. "पेन द्या. आमच्या कंपनीत तर सॉफ्टवेअर बग ठेवूनच रिलीज करतात, काका."

"आधी सगळ्या खोटी ऐकाव्या लागतील."

"मला दर चार मिनिटांनी कळ येतेय."

"मग दोन कळांच्या मध्ये दहा-दहा वाचू," तात्याराव म्हणाले, आणि खरंच ट्रॉलीला धरून वाचू लागले. दाराची चौकट दोन मिलिमीटर तिरकी. "चालेल," अपेक्षा म्हणाली. खिडकीची कडी सैल. चालेल. भिंतीच्या रंगात दोन छटा. "कुठल्या?" तिने विचारलं. मोतिया आणि फिकट मोतिया. चालेल. कळ आली की ते थांबत, ओसरली की पुढचा आकडा. सोजरबाई मधून मधून त्यांच्या सात पिढ्यांविषयी बोलत होत्या. ते मी लिहीत नाही.

एकतिसावी खोट वाचली: प्रसूतीच्या टेबलाच्या एका चाकाचा ब्रेक लागत नाही, नवा भाग रस्त्यात अडकला आहे.

"हे नाही चालणार," अपेक्षा म्हणाली.

तात्यारावांनी मान वर केली. तिच्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसं त्या जपानी साहेबाने त्यांच्याकडे पाहिलं होतं. "बरोबर," ते म्हणाले. "ती खोट माझ्याकडे." उरलेल्या सहा त्यांनी एका दमात वाचल्या, तिने सही केली आणि त्यांनी दार उघडलं.

चाकाखाली विटा लावून पाहिल्या. पण ती फरशी. वीट सुटली ती पालीच्या वाटेने गेली. तेव्हा सत्तरीचे तात्याराव कोट काढून खाली बसले आणि दोन्ही हातांनी चाक आवळून धरलं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष कसा, म्हणून सोजरबाईंनी त्यांच्यावर डोक्यापासून पायापर्यंत हिरवी चादर टाकली. दीड तास ती चादर हलली नाही. मी दाराबाहेर होतो, पण अपेक्षा ओरडली की चादरीखालून पुटपुटणं ऐकू यायचं. दीपमालाबाई नंतर म्हणाल्या, ते रामरक्षा म्हणत होते, आणि एकाही ठिकाणी चुकले नाहीत.

बाळ रडलं. मग दार किलकिलं झालं आणि मी आत डोकावलो.

"कसं आहे?" चादरीने विचारलं.

"मुलगी हाय," सोजरबाई म्हणाल्या. "एक कान जरा मुडपलाय. आमाला चालतीय."

चादर थरथरू लागली. सोजरबाईंनी ती न काढता वरूनच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आता सोडा चाक, म्हणाल्या. त्यांची बोटं वळली होती. एकेक करून सोडवावी लागली.

तेवढ्यात दत्तोबा धापा टाकत आले. कोंडीत अडकलेल्या रिक्षात आणखी एक बाई होती आणि तिला चार माणसं उचलून आणत होती. मी घाईने दुसरा पिवळा कागद शोधू लागलो.

"दिगंबर, ते नंतर," तात्याराव चादरीखालून म्हणाले आणि त्यांनी पुन्हा चाक धरलं.