शकूबाईच्या नावाचा अंगठा

मी एक जुनी अंगठ्याची डबी आहे. तळहातावर मावेल एवढी, पत्र्याची, आत जांभळ्या शाईत भिजवलेली गादी. ज्यांना सही येत नाही त्यांनी माझ्यावर अंगठा टेकवायचा आणि मग तो कागदावर उमटवायचा, एवढेच माझे काम. माझा स्वभाव मात्र चांगला नाही, मित्रांनो. मी जळकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही मला साधीभोळी समजणार नाही.

मुंबईच्या एका पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पनवेलच्या बाजारात वह्या-पेन्सिलींच्या दुकानातून कमलाकर बेलिफांनी मला उचलले. बेलिफ म्हणजे कोर्टाचे समन्स घरी नेऊन देणारा माणूस. कोर्टाचे नाव मी सांगत नाही. ज्या खात्याचे मीठ खाल्ले त्याची चूक सांगावी, नाव झाकावे. आमच्याकडे परराज्यांतलीही समन्से येत. गुजरातेतल्या कोर्टाला पनवेलजवळच्या नेरे गावातल्या माणसाला बोलवायचे असेल, तर तिथला बेलिफ काही इतक्या लांब येत नसे. ते कोर्ट कागद आमच्या कोर्टाला पाठवी, आमचे कमलाकर सायकलवरून तो नेऊन देत, आणि मिळाल्याची खूण घेऊन कागद पुन्हा सीमेपलीकडे जाई. ती खूण बहुधा माझीच असे. इंदूर, बडोदा, हुबळी, कुठे कुठे माझी शाई पोचली. कमलाकरांचे वरिष्ठ नाझरसाहेब कागद उजेडात धरून म्हणत, "बघा, एकेक रेघ मोजून घ्या." माझी छाती पत्र्याची, तरी फुगे.

मग १९९० साली ते पेन आले. कमलाकरांच्या मुलीने, चारुताने, पहिल्या पगारातून वडिलांना घेतलेले, सोनेरी टोपणाचे. त्याची जागा शर्टाच्या खिशात, थेट काळजापाशी, आणि मी पिशवीत जेवणाच्या डब्याखाली. दर शनिवारी कमलाकर त्याला कोमट पाण्याने धूत. मला चौदा वर्षांत कुणी ओले फडके लावले नव्हते. माझा नुसता तिळपापड होई. त्यातच गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले. बाया दिवसभर राबून संध्याकाळी पाटी गिरवू लागल्या आणि समन्स आले की पेन मागू लागल्या. पेन खिशातून ऐटीत उतरे आणि मी डब्याखाली ऐकत पडे. माणसे शिकताहेत याचा आनंद व्हायला हवा होता, हे मला कळत होते. पण दुसऱ्याचे चांगले बघवत नसले, की कळून काय उपयोग?

ब्याण्णव सालच्या भातकापणीत गुजरातेतून एक समन्स आले. नाव होते नेऱ्याच्या शकू बळीराम मढवी यांचे. तिचा नवरा बळीराम तिकडे कारखान्यात होता. तो वारल्यावर शकूबाई गावी परतली, पण त्यांची आठ वर्षांची मुलगी प्राची शाळेसाठी तिथेच मोठ्या काकांकडे, विनायककडे राहिली. आता विनायकने तिथल्या कोर्टात अर्ज केला होता, की मुलीचा पालक म्हणून मला नेमा. आईने तारखेला जाऊन आपले म्हणणे मांडले नाही, तर मुलगी कायमची त्याच्याकडे राहणार होती.

कमलाकर भर दुपारी नेऱ्याला पोचले तेव्हा सारे गाव शेतावर होते. पडवीत एक बाई सूप घेऊन बसली होती. शकू बळीराम कोण, असे त्यांनी विचारले, आणि ती म्हणाली, मीच. ओळख पटवायला शेजारचे कुणी बोलवायचा नियम आहे, पण शेजारी कुलपे होती. खेड्यातली बाई म्हणजे अंगठा, असे धरून कमलाकरांनी मला उघडले. सही येते का, हे विचारलेच नाही.

झाकण उघडले आणि समोर खुंटीवर टांगलेली पाटी मला दिसली. तिच्यावर पाच वेळा लिहिले होते, शकू बळीराम मढवी. पहिले चार वाकडेतिकडे, पाचवे सरळ. जिला हे येते ती अंगठा कशाला देईल? काहीतरी चुकते आहे हे मला तिथेच कळले. कमलाकरांचा चष्मा पिशवीत होता, त्यांना पाटी दिसली नाही. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही हे खरे, पण खरे सांगते, येत असते तरी मी त्या दिवशी बोलले नसते. पेन खिशातच राहिले, याच आनंदात मी होते. बाईने अंगठा पुढे केला. मी तो झकास उमटवला.

तारखेला शकूबाई कोर्टात गेली नाही. मुलीचा मामला म्हणून तिथल्या न्यायाधीशांनी आणखी एक तारीख दिली, ती शेवटची. दोन महिन्यांनी कमलाकर दुसरे समन्स घेऊन त्याच पडवीत गेले. या खेपेला वेगळीच बाई बाहेर आली. कमलाकरांनी सवयीने मला उघडले.

"अंगठा नको," ती म्हणाली. "मना नाव लिवता येतं."

कमलाकरांनी मला मिटले. मग हळूच विचारले, "मागच्या वेळी अंगठा दिला तो कुणी?"

"मागच्या वेळी? आमी कापणीला होतो. कागद आलाच नाय."

तेवढ्यात पाण्याचा हंडा घेऊन तिची नणंद गंगाबाई दारात आली आणि बेलिफांना पाहून जागीच थबकली. तीच ती सुपाची बाई. हंडा खाली ठेवून ती म्हणाली, "विनायकदादा बोलला, पोरगी तिथं सुखात हाय. मना पन तसंच वाटलं."

शकूबाई ओरडली नाही. "सुखात असंल," ती म्हणाली. "पन आई हितं हाय ना?"

आता नवे समन्स तर पोचले होते. कमलाकर गप्प राहिले असते तर कुणाला कळले नसते. पण मग विनायकच्या वकिलाने तो पहिला अंगठा पुढे केला असता, की बघा, कागद घेतला आणि आली नाही, ही कसली आई? नाझरसाहेबांनी समजावले, की तुमच्या नोकरीची दोनच वर्षे राहिली आहेत, झाकली मूठ सव्वा लाखाची. कमलाकरांनी ते पेन काढले आणि आपल्या हाताने लिहिले, की मी ओळख पटवली नाही, चूक माझी, तो अंगठा दुसऱ्या बाईचा आहे. पडताळून पाहायला शकूबाईचा खरा अंगठाही हवा होता. त्यासाठी तिला कचेरीत बोलावले.

पुन्हा कधी अंगठा देणार नाही, अशी शपथ साक्षरतेच्या वर्गातल्या बायांनी शेवटच्या दिवशी घेतली होती. शकूबाईने मला हातात उचलले. मला वाटले, आता ही मला भिरकावणार, आणि ते योग्यच होईल.

"एकदाच," ती म्हणाली. "पोरीसाठी."

तिच्या अंगठ्यावर विळ्याचा जुना व्रण होता. सुकत आलेल्या गादीतली होती नव्हती ती शाई मी त्या व्रणाभोवती लावली. खाली तिने सहीही केली. पेन आणि मी पहिल्यांदाच एका कागदावर शेजारी होतो, आणि खोटे कशाला बोलू, तेव्हाही सही माझ्या अंगठ्यापेक्षा देखणी दिसली म्हणून पोटात दुखलेच.

तिकडे तज्ज्ञाने भिंग लावून दोन्ही अंगठे पाहिले. पहिल्यात व्रण नव्हता. शकूबाईने तारखेला जाऊन आपले म्हणणे मांडले आणि विनायकचा अर्ज फेटाळला गेला. मे महिन्यात प्राची नेऱ्याला आली ती आईजवळच राहिली. कमलाकरांच्या सेवापुस्तकात मात्र ठपका लागला.

ते निवृत्त झाले त्या दिवशी शकूबाई वालाच्या शेंगा घेऊन आली, सोबत प्राची. टेबलावर मी होते. प्राचीने मला उघडले, गादीवर अंगठा दाबला आणि उलटा करून बघितला. अंगठा कोरा होता. मी पार सुकले होते.

"बरं झालं," शकूबाई म्हणाली. मित्रांनो, ते शब्द मला लागले नाहीत. मलाही बरेच वाटले.

इतर वस्तू तुम्हाला विनवतात, की आम्हाला जपा, पुसा, तेलपाणी करा. मी ते मागत नाही. मला सुकू द्या. फक्त कुणी कागद पुढे केला तर आधी तो वाचा, आणि शेजारी कुणी अंगठा पुढे करत असेल, तर तिला एवढे विचारा, की बाई, तुला नाव लिहिता येते का? त्या दुपारी नेऱ्याच्या पडवीत हे विचारायचे राहून गेले होते.